फोकर डी-7 च्या पंखांवर लॉझेंज चढवताना

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांची प्लॅस्टिकची मॉडेल किट करणारे पुष्कळ जण एकाच जागी येऊन थांबतात. कॉकपिट होतं, इंजिन रंगवून होतं, पंखांची पाळी आली की डबा पुन्हा कपाटात जातो. कारण लॉझेंज. चार किंवा पाच रंगांच्या वेड्यावाकड्या बहुकोनांचा तो कॅमोफ्लाज हाताने रंगवणं जवळजवळ अशक्य, म्हणजे डेकल, पाण्यात भिजवून चिकटवायची छापील फिल्म, लावणं आलं. ते डेकल पंखभर पसरलेलं, वरूनही आणि खालूनही. किटवरचे क्रॉस आणि आकडे लावणं निराळं आणि अख्खा पंख डेकलने मढवणं निराळं, हे मलाही ठाऊक होतं, म्हणूनच एडुआर्ड या झेक कंपनीचं 1/48 चं, म्हणजे खऱ्याच्या 48 पट लहान, फोकर डी-7 हे जर्मन लढाऊ विमान माझ्या कपाटात बरेच दिवस पडून होतं. 2024 मध्ये ते पुरं झालं. करताना जे जे कुणी आधी सांगायला हवं होतं असं वाटलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

हेच विमान का, तर त्यामागे इंद्रलाल रॉय आहेत. कोलकात्याचा हा मुलगा रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेला. 40 स्क्वाड्रनमधून एस.ई.5ए हे ब्रिटिश लढाऊ विमान उडवत जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने दहा विमानं पाडली, आणि 22 जुलैला फ्रान्समध्ये फोकर डी-7 विमानांशी झालेल्या झुंजीत तो गेला. वय 19. त्याचं एस.ई.5ए मी आधीच केलं होतं. शेजारी समोरचं विमान हवं होतं. शिवाय नवख्यांसाठी डी-7 हे दुपंखी त्यातल्या त्यात सोपं: पंख आतूनच मजबूत असल्यामुळे दोन पंखांमध्ये तारांचं जाळं नाही, फक्त एन आकाराचे खांब. जो काही त्रास आहे तो लॉझेंजचा.

किटसोबत लॉझेंज येतं, पण मला ते दुसऱ्या, फक्त डेकल छापणाऱ्या युरोपातल्या विक्रेत्याकडून घ्यायचं होतं, कारण त्याच्याकडे बरगड्यांवरच्या (बरगड्या म्हणजे पंखाच्या सांगाड्यातल्या पुढून मागे जाणाऱ्या फळ्या) पट्ट्याही वेगळ्या कागदावर मिळत होत्या. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी ऑर्डर दिली. पाच रंगांचं लॉझेंज, वरच्या बाजूसाठी गडद आणि खालच्या बाजूसाठी फिकट असे दोन कागद, पट्ट्यांचा एक कागद आणि रजिस्टर्ड टपालाचा खर्च असं सगळं धरून चार हजारांच्या आसपास गेले. किट काही वर्षांपूर्वी इथल्याच एका विक्रेत्याकडून घेतलेलं, त्याला साडेतीन हजार पडले होते. म्हणजे कागद किटपेक्षा महाग. घरात हा आकडा मी थोडा उशिरा जाहीर केला.

आता टपालाचं. भारतात खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. त्याशिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं आहे. त्या आदेशातली खेळण्याची व्याख्या 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंची आहे, आणि आपली बरीच किट 14 वर्षांवरच्यांसाठी असं डब्यावरच लिहिलेलं असतं. पण पाकिटावर ‘मॉडेल एअरप्लेन’ एवढंच दिसलं तर तपासणाऱ्याला प्रश्न पडणारच. डेकल मात्र खेळणं नव्हे. जकातीच्या वर्गीकरणात छोट्या प्रमाणातली मॉडेलं 9503 खाली येतात आणि डेकल 4908 खाली, कागदी छपाईच्या प्रकरणात. म्हणून ऑर्डर देताना विक्रेत्याला लिहून विनंती करावी की सीएन 22 या पाकिटावरच्या जकातीच्या फॉर्मवर ‘डेकल, छापील कागद, 4908’ असं स्पष्ट लिहा आणि बिलाची प्रत पाकिटात ठेवा.

मी हे लिहिलं होतं. आकडा त्याने घातला, पण वर्णनात ‘मॉडेल’ हा शब्द आलाच. पाकीट एप्रिलच्या शेवटी मुंबईत पोचल्याचं दिसलं आणि मग दोन-अडीच आठवडे ट्रॅकिंग हललं नाही. त्यानंतर पत्र आलं: वस्तूचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत आणि वस्तू कशासाठी हवी आहे याचा खुलासा. मी बिल, बँकेच्या उताऱ्यातली ती एक ओळ, आधार आणि अर्ध्या पानाचं साधं पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं की ही पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं आहेत, वैयक्तिक छंदासाठी आहेत, सोबत कुठलंही किट वा प्लॅस्टिकचा भाग नाही. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचा कागदाचा फोटोही जोडला. त्या फोटोचा उपयोग झाला असावा, कारण आठवड्याभरात पोस्टमन काका दारात होते. जकात आणि टपालाचं हाताळणी शुल्क मिळून काही शे रुपये रोख भरले, पावती घेतली. पावती जपून ठेवा. पुढच्या वेळी खुलासा मागितला तर आधीच्या पावतीची प्रत जोडता येते.

कागद हातात आले तेव्हा मेचा शेवटचा आठवडा होता, म्हणजे डोंबिवलीत घाम आणि पुढे पावसाळा. डेकलच्या कामाला याहून वाईट मुहूर्त नाही.

कात्री लावण्याआधी खरं विमान समजून घ्यावं लागलं, आणि या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच. जर्मनांनी साधारण 1917 पासून हे नक्षीचं कापड वापरायला घेतलं. आधी पाच रंगांचं, पुढे 1918 मध्ये चार रंगांचंही. नक्षी कापडावर कारखान्यातच छापलेली यायची. पंखावर कापड ताणून बसवलं, त्यावर डोप, म्हणजे कापड आवळून ताठ करणारं वार्निश, मारलं की कॅमोफ्लाज तयार. वेगळा रंग द्यायला नको, त्याचा वेळ नको, आणि रंगाचं वजनही पंखावर नको. वरच्या बाजूला गडद रंगांचं कापड, खालच्या बाजूला फिकट.

म्हणजे लॉझेंज हा मुळात रंग नव्हेच, कापड आहे. आणि कापड म्हटलं की पन्हा आला. हे माझ्या डोक्यात नीट शिरलं ते सासूबाईंमुळे. त्यांनी पुष्कळ वर्षं घरी ब्लाउज शिवले. मी जेवणाच्या टेबलावर पंखाचा आकार ट्रेसिंग पेपरवर उतरवत होते, तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“एवढ्याशा पंखाला एकच तुकडा लावून मोकळी का होत नाहीस?”

“अहो आई, खऱ्या पंखाला कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलेल्या होत्या. त्या जोडण्या दिसायला हव्यात.”

“मग आधी पन्हा किती होता ते सांग. शिवणी कुठे येणार ते त्यावरनं ठरतं. आणि कापड उभं घेतलंय की आडवं?”

दोन्ही प्रश्न नेमके होते. त्या कापडाचा पन्हा साधारण 1.35 मीटर होता. त्याला 48 ने भागलं की 28 मिलिमीटर. वरच्या पंखाची लांबी 8.90 मीटर, म्हणजे मॉडेलवर 185 मिलिमीटर. तेव्हा पट्ट्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे टाकल्या तर वरच्या पंखाला सहा पूर्ण पट्ट्या आणि एक अपुरी. डी-7 तीन ठिकाणी बनत होतं: श्वेरिनला फोकरच्या स्वतःच्या कारखान्यात, योहानिस्तालच्या अल्बाट्रोसकडे आणि श्नाइडेम्युलच्या ओ.ए.डब्ल्यू.कडे. कापड कुठे पंखाच्या रुंदीत टाकलेलं दिसतं, कुठे लांबीत. म्हणून आपलं विमान कुठल्या कारखान्यातलं ते ठरवून, त्याचा किंवा त्याच्या भावंडाचा फोटो पाहूनच पट्ट्या कापाव्यात. मी फोकरच्या कारखान्यातलं, रुंदीत कापड टाकलेलं निवडलं. यात एक सोयही होती: 28 मिलिमीटरच्या आखूड पट्ट्या हाताळणं 185 मिलिमीटरचा एकसंध तुकडा पाण्यातून काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. खऱ्या विमानाशी प्रामाणिक राहिलं की काम हलकं होतं असे प्रसंग या छंदात फार येत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी बऱ्याच मॉडेलांवर खटकते. डाव्या पंखावरची नक्षी उजव्या पंखावर आरशात पाहिल्यासारखी उलटवू नये. कापड एकाच ठाणातून उलगडत येत होतं, त्याला डावं-उजवं कळत नाही. दोन पट्ट्यांच्या जोडावर नक्षी जुळवायची धडपडही करू नये. तिथे ती तुटलेलीच दिसायला हवी.

रंगांबद्दल वाद आहेत आणि ते मिटणार नाहीत. शंभर वर्षांत उरलेलं कापड कुठे उन्हाने उडालं, कुठे वार्निशने पिवळं पडलं. कॅनडात क्वेबेकमधल्या नोल्टन गावच्या संग्रहालयात एक डी-7 मूळ कापडासकट आहे. त्याचे फोटो मी पुष्कळ पाहिले, आणि त्यावरून माझी एवढीच खात्री झाली की बाजारातली बरीच डेकलं फार भडक छापलेली असतात.

हा भडकपणा कमी करायची जागा म्हणजे पंखाचा पायारंग. माझं डेकल पारदर्शक फिल्मवर छापलेलं होतं, म्हणजे खालचा रंग वर जाणवणार. आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे घेतले, कारण त्यांना पंखासारखा बाक असतो. एकावर पांढरा रंग, एकावर फिकट करडा, एकावर मळकट क्रीम, आणि प्रत्येकावर कागदाच्या कडेचा तुकडा लावून पाहिला. पांढऱ्यावर रंग अंगावर येत होते, करड्यावर मेले. क्रीमवर ते जुन्या, डोप चढवलेल्या कापडासारखे वाटले. वरच्या बाजूला क्रीम नक्की केला. खालच्या बाजूचं लॉझेंज मुळातच फिकट, म्हणून तिथे क्रीममध्ये पांढरा वाढवला. तुमचं डेकल अपारदर्शक असेल तर या चमच्यांची गरज नाही, पण मग फिल्म जाड असते आणि बरगड्यांवर नीट बसत नाही.

त्यावर ग्लॉस, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. खडबडीत पृष्ठभागावर डेकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते, ती नंतर जाता जात नाही. तमियाचं एक्स-22 पातळ करून एअरब्रशने दोन हात दिले. पाऊस मुंबईत 9 जूनला आला आणि माझा ग्लॉस त्याच्या आगेमागेच होता. दमट हवेत लॅकर थिनर वापरला की वाळताना वर पांढुरका धुरकटपणा येतो, तेव्हा ज्या दिवशी पाऊस ओतत असेल त्या दिवशी फवारणी नकोच. मी बेडरूममध्ये एसी लावून हवा जरा कोरडी झाली की बाल्कनीत पटकन फवारून पंख परत आत आणत होते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून चांगला आठवडा जाऊ दिला. बोट लावलं तर वाळलेलं वाटतं, पण त्यावर डेकलचं रसायन पडलं की कच्चा ग्लॉस मऊ होतो. इथे घाई करून काही मिळत नाही.

खांबांची भोकं याच टप्प्यावर तपासा. ती डेकलखाली झाकली जाणार आहेत. ट्रेसिंग पेपरवर त्यांच्या जागा खुणावून ठेवल्या की नंतर सुईने अलगद टोचून ती उघडता येतात.

सामान फार नाही. सर्जिकलच्या दुकानातली 11 नंबरची ब्लेडं, शे-दीडशे रुपयांत भरपूर येतात. बोथट ब्लेडने शाईच्या कडा तुटतात, म्हणून थोड्या कापांनंतर बदलत राहायचं. काचेचा तुकडा, पोलादी पट्टी, चपटा मऊ कुंचला, इअरबड, टिश्यू. पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड, कारण आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं आणि ते वाळलं की पांढरे डाग राहतात. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल या दोन बाटल्या भारतातल्याच विक्रेत्याकडून घेतल्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत-बाहेर. सेटला व्हिनेगरचा वास येतो, तो पंखावर आधी लावायचा. सोल डेकलला मऊ करून पृष्ठभागावर बसवतो, तो नंतर.

जूनच्या शेवटच्या शनिवारी रात्री पहिली पट्टी कापली. सुरुवात खालच्या पंखाच्या खालच्या बाजूने, कारण ती मॉडेल ठेवल्यावर कुणाला दिसत नाही. हात बसेपर्यंत जे काही व्हायचं ते तिथे होऊ दे. पट्टी दोन्ही कडांना दोनेक मिलिमीटर जास्त ठेवून कापली, कोमट पाण्यात थोडे क्षण बुडवली आणि ओल्या टिश्यूवर ठेवून दिली. पाण्यातच ठेवून दिली तर चिक निघून जातो. कागदावरून ती सरकायला लागली की पंखावर सेटचा हात फिरवून, कागद पंखाला टेकवून, कागदच खालून ओढून घ्यायचा. डेकल ओढायचं नाही. मग ओल्या कुंचल्याने जागेवर आणायचं आणि टिश्यू दाबत मधून कडांकडे पाणी काढायचं.

नंतर सोल लावला. मिनिटभरात पट्टीवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या आणि माझा श्वास अडकला. हे होणार हे वाचलेलं होतं तरी. या क्षणी हात पाठीमागे बांधून उठून जावं, हीच माझी सगळ्यात कळकळीची सूचना. फिल्म त्या वेळी इतकी मऊ झालेली असते की बोट लागलं तर फाटते. मी गेले, चहा केला, प्यायला विसरले. अर्ध्या तासाने पाहिलं तर सुरकुत्या गेलेल्या आणि खालच्या बरगड्या एकेक करून वर दिसायला लागलेल्या. या कामात मला खरा आनंद झाला तो तेव्हा. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर कापड ताणून बसवल्यासारखं दिसत होतं.

एक पट्टी पूर्ण सुकल्याशिवाय शेजारची लावली नाही. पारदर्शक फिल्म एकावर एक आली तर तिथे गडद रेघ दिसते, म्हणून कड कडेला नेमकी भिडवायची, आणि ओली पट्टी ओल्या पट्टीशेजारी सरकत राहते. रात्री जेवणं उरकल्यावर एखादी पट्टी, फार तर दोन, एवढाच वेग. पावसात त्या सुकायलाही वेळ घेत होत्या. जुलैत मध्येच ऑफिसच्या कामाने सगळं बाजूला पडलं आणि ते बरंच झालं, कारण कंटाळा आलेला असताना या कामाला बसणं म्हणजे कागद वाया घालवणं.

खालची बाजू सुकली की कडांना लोंबणारी फिल्म काढायची. ब्लेडने कापण्यापेक्षा मला हजार नंबरचा वॉटर पेपर आवडला. कडेवर एकाच दिशेने, पंखाच्या बाजूकडून बाहेर असा हलका घासला की फिल्म कडेवर सरळ तुटून पडते. मागे-पुढे घासलं तर उचकटते. डी-7 ची मागची कड तारेची होती आणि डोपने आवळलेलं कापड तिला बरगड्यांच्या मध्ये आत ओढायचं, म्हणून ती कड नागमोडी आहे. त्या प्रत्येक खाचेत वॉटर पेपरची घडी घालून जावं लागलं. मग वरची बाजू. तिथल्या पट्ट्या पुढच्या कडेवरून किंचित खाली वळवल्या, म्हणजे जोड समोरून दिसत नाही. एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या, फक्त वरच्या पंखाला आहेत. त्यांचं कापड वेगळं चढवलेलं असायचं, म्हणून तिथे वेगळे तुकडे कापले. त्याने त्यांची रेघ आपोआप उठून दिसली. पंखाच्या टोकांच्या गोलाईवर डेकल कधीच सरळ बसत नाही. तिथे छोटा काप देऊन, सोलचे जास्त हात देऊन बसवावं लागतं. चाकांच्या मध्ये आसावर एक लहानसा पंख असतो, त्यालाही लॉझेंज. तो मी दुपारच्या झोपेच्या वेळात उरकला.

कुठे चंदेरी ठिपका दिसलाच तर नव्या ब्लेडच्या टोकाने टोचून सोलचा थेंब सोडायचा. बहुतेक वेळा जातो.

आणि मग बरगड्यांवरच्या पट्ट्या. लॉझेंज अवघड अशी त्याची ख्याती आहे, पण माणसाचा अंत पाहतात त्या या पट्ट्या. खऱ्या पंखावर कापड बरगडीला शिवल्यावर त्या शिवणीवर कापडाची अरुंद पट्टी डकवत. काही विमानांवर ती लॉझेंजच्याच कापडातून कापलेली, काहींवर सरळ फिकट निळी किंवा गुलाबीसर. मॉडेलवर तिची रुंदी एक मिलिमीटरच्याही आत. निळ्या पट्ट्या उठून दिसतात आणि सुंदर दिसतात, पण जराशी तिरकी गेली तर तीच पहिली नजरेत येते. मी लॉझेंजच्याच घेतल्या. त्या नक्षीत मिसळतात, जवळून पाहिलं तरच कळतात. हा निर्णय चवीचा नाही, डोळ्यांचा आणि वयाचा आहे.

प्रत्येक पट्टी वेगळी कापायची, भिजवायची, बरगडीच्या उंचवट्यावर मागच्या कडेपासून पुढे अंथरायची. ओली असताना ती स्वतःभोवतीच वळते. अशी वळली की हाताने सोडवायला जाऊ नये, पुन्हा पाण्यात टाकावी, तिची ती सुटते. अख्ख्या ऑगस्टच्या रात्री यातच गेल्या. मी रेडिओ लावून बसत होते. मुलीने एक दिवस विचारलं, “आई, हे दिसणार आहे का कुणाला?” मी म्हटलं, नाही. तिला ते उत्तर पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आपण होऊन पट्ट्या कापून द्यायला बसली, आणि तिचे काप माझ्यापेक्षा सरळ होते.

पट्ट्या बसल्यावर ग्लॉसचा पातळ हात, मग क्रॉस. मार्च-एप्रिल 1918 पासून जर्मनांनी जुन्या वळणदार बाहूंच्या क्रॉसच्या जागी सरळ बाहूंचा क्रॉस घ्यायला सुरुवात केली. माझं विमान उन्हाळ्यातलं, म्हणून सरळ. क्रॉसची पांढरी किनार पुरेशी अपारदर्शक आहे का ते चमच्यावरच पाहून घ्या. लॉझेंज खालून दिसायला लागलं तर एकावर एक दोन क्रॉस लावावे लागतात.

शेवटी पातळ केलेल्या तपकिरी ऑइल रंगाचं अगदी हलकं वॉश, आणि सॅटिन क्लिअरमध्ये (अर्धवट चमकेच्या पारदर्शक थरात) पिवळसर तपकिरीचे दोन थेंब घालून वरून एक हात. हा शेवटचा हात चुकवू नका. चमच्यावर सांभाळून ठेवलेले रंगसुद्धा पंखभर पसरल्यावर पुन्हा जरा भडक वाटायला लागतात, या हाताने ते एकमेकांत बसतात. पूर्ण मॅट केलं तर डोप चढवलेल्या कापडाची चमक जाते, म्हणून सॅटिन.

गणपती त्या वर्षी 7 सप्टेंबरला होते. त्याआधी टेबल मोकळं करून देणं भाग होतं, त्यामुळे जोडणी मात्र पटापट झाली. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून त्यात धड आणि खालचा पंख उभे केले, वरचा पंख उलटा ठेवून खांब आधी त्यात बसवले, मग एकत्र. तारा फक्त चाकांपाशी आणि शेपटीकडे जाणाऱ्या थोड्या, त्या ताणलेल्या स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिच्या. आरतीला आलेल्या पाहुण्यांपैकी एका काकांनी विमान हातात घेतलं, पंख उलटा करून पाहिला आणि विचारलं, “हे कापड कुठून आणलंस गं?” मी काही दुरुस्ती केली नाही.

खर्च विचाराल तर किट, डेकल, जकात, रसायनं आणि रंग मिळून दहा हजारांच्या थोडं आत. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर आधीपासून होते, ते धरलेले नाहीत. कुणाला पहिल्यांदाच करायचं असेल तर किटमध्ये येतं त्याच लॉझेंजने करा आणि बरगड्यांच्या पट्ट्या सरळ सोडून द्या. निम्म्याहून अधिक वेळ वाचेल आणि लांबून फरक कळणार नाही.

पुढचं विमान सॉपविथ डॉल्फिन हे ब्रिटिश लढाऊ विमान ठरलं आहे, श्रीकृष्ण वेलिणकरांसाठी. मुंबईचा हा तरुण 23 स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन उडवत होता आणि जून 1918 च्या शेवटी विमान पाडलं गेल्यावर जर्मनांच्या ताब्यात जखमांनी गेला. त्याचं नाव आपल्याकडे रॉयइतकंही कुणी घेत नाही. डॉल्फिनला लॉझेंज नाही, पण पंखांमध्ये तारा मात्र भरपूर आहेत.

माझ्याकडे खालच्या बाजूच्या फिकट लॉझेंजचा जवळजवळ अर्धा कागद उरला आहे, सिलिका जेलसोबत झिप पाऊचमध्ये सपाट ठेवलेला. 1/48 चाच आहे. कुणी डी-7 किंवा फाल्झ कंपनीचं जर्मन विमान करत असेल तर सांगा, साध्या टपालाने पाठवते. वापरण्याआधी एक कोपरा भिजवून बघा, आणि तडे जात असतील तर कागदावरच क्लिअरचा एक हात फवारून घ्या.